सासऱ्यांचा एक मुक्काम

आमच्या घरात खोल्या दोन आणि पाहुणे बारमाही.

पुढच्या खोलीत एक लोखंडी कॉट, टीव्ही, धान्याची कोठी आणि भिंतीला टेकवलेली सायकल. मागच्या खोलीत चूल, गॅस, देव आणि आम्ही तिघं: मी, बायको, मुलगी. शेजारी पत्र्याची पडवी, तिच्यात कांदा. कांद्याला वारा लागावा म्हणून मी पडवीला चारी बाजूंनी जाळी मारली होती. माणसाला वारा लागावा म्हणून असं काही करायचं मला आजवर सुचलेलं नाही.

मी ओतूरला कॉलेजात होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पाहुणा आला की त्याला गोधडी द्यायची आणि अंगण दाखवायचं. दहा येवोत, वीस येवोत, अंगणाला कुणी 'फुल्ल' म्हणत नाही. मग धरणाचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या आला. बिबट्यानं आमच्या भागातल्या शेळ्या नेल्या, कुत्री नेली, त्याचे पंचनामे झाले. आमचं अंगण नेलं त्याचा पंचनामा कुणी केला नाही. अंधार पडला की सगळी माणसं घरात, दाराला आतून कडी. अंगणात मावणारे पाहुणे तेच राहिले, जागा मात्र दोन खोल्यांची झाली.

त्यात आमचं गाव नारायणगावपासून जवळ. मी तिथं मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला. सकाळी शेत, दिवसभर दुकान. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की लांबलांबच्या नात्यांना आमची आठवण येई. माल मार्केटला उतरवायचा, भाव बघायचा आणि रात्री आमच्याकडं आडवं व्हायचं. या लोकांत अव्वल नंबर तात्यांचा. तात्या म्हणजे माझ्या आत्याचे दीर, पारनेरच्या बाजूचे. नातं तसं लांबचं, पण तात्या पाय पसरायचे ते जवळच्या नात्यासारखे.

तात्या एका दिवसासाठी यायचे. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "उद्या बाजार वाढंल असं वाटतंय, बघून जातो." बाजार वाढला तर "अजून चढंल," पडला तर "आता सावरंल." थोडक्यात, बाजार काहीही करो, तात्या कॉटवर. टीव्हीवर हिंदी मालिका लागायच्या, त्यातल्या सासवांवर तात्या आमच्या भाषेत शेरे मारायचे. आठवडाभरानं त्यांच्या घरून किराणा दुकानावर फोन यायचा, मग कुठं ते हलायचे.

यावर मी उपाय केला नाही असं नाही. पुढच्या खोलीच्या मधोमध पडदा लावून पाहुण्यांची वेगळी खोली काढायची ठरवली. दुकानातून वाइंडिंगची तांब्याची तार आणली, चारपदरी पीळ दिला, दोन खिळ्यांना ताणून बांधली आणि बायकोच्या जुन्या साडीचा पडदा सोडला. लांब उभं राहून बघितलं तर लॉजच वाटत होतं. "ही तार पाच हॉर्सपॉवरची मोटार चालवती," असं मी तात्यांना अभिमानानं सांगितलं. पहाटे तात्यांनी उठताना आधाराला साडी धरली. साडी, तार, दोन्ही खिळे, खिळ्यांबरोबर भिंतीचा पोपडा आणि त्यावरचं कॅलेंडर असं सगळं त्यांच्या अंगावर आलं. मी घाबरून धावलो. तात्या साडीच्या आतून म्हणाले, "बरं झालं. जरा हवा तरी लागाया लागली."

पडदा पडला, तात्या राहिले.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव मेटाकुटीला आला होता तर सरळ सांगायचं, तात्या, आता जा. हे बोलायला सोपं आहे. आमच्याकडं पाहुण्याला 'जा' म्हणत नाहीत. पाहुणा निघाला तरी 'राहा की' म्हणतात. तो 'नाही, जातो' म्हणतो, आपण पुन्हा 'राहा' म्हणतो, तो पुन्हा 'जातो' म्हणतो आणि मग दोघंही सुटतात. तात्यांच्या बाबतीत एवढीच गोम होती की ते पहिल्याच 'राहा'ला राहायचे.

आणि ज्यांनी राहावं म्हणून बायको लग्नापासून झुरत होती, ते मात्र कधी राहात नव्हते. ते म्हणजे तिचे वडील.

माझे सासरे घोडेगावच्या पुढं राहायचे. घरात पूर्वी मेंढरं होती, नंतर शेती. माणूस जुन्या वळणाचा. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घेऊ नये, हा नियम त्यांनी इतका कडक पाळला की यायचे तेव्हा पाण्याची बाटली बरोबर आणायचे आणि ओट्यावर बसून प्यायचे. मुलगी झाली तेव्हा बायकोनं मला पहिलं वाक्य म्हटलं ते हेच: "आता आप्पा ऱ्हायला येत्याल."

आप्पा आले. पाणी प्यायले, चहा घेतला, नातीच्या हातात खाऊ दिला आणि शेवटच्या गाडीनं परत गेले. "जावयाच्या घरी पाय पसरू न्हाईत," म्हणाले. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. प्रत्येक वेळी बायको त्यांना स्टॅंडवर पोचवायला जायची आणि परत आली की त्या दिवशी भाकरी जरा जोरात थापायची. कॉटवर कुणी ना कुणी लोळत असायचंच. एकदा ती मला म्हणाली, "आख्ख्या तालुक्याची पाठ टेकून झाली आपल्या घरात. एक माझ्या बापाची तेवढी ऱ्हायली." मी म्हणालो, "मग मी काय करू? त्यांना बांधून ठेवू?" अशा वेळी ती बोलत नाही, यालाच मी जास्त भितो.

मग त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नारायणगावच्या दवाखान्यात सकाळी लवकर दाखवायला बोलावलं होतं आणि घोडेगावच्या पुढून तेवढ्या सकाळी पोचायला गाडी नव्हती. बायकोनं किराणा दुकानावरून फोन लावला, काय बोलली कोण जाणे, पण घरी आली ती हसत. "येतो म्हणलेत. मुक्कामाला."

घरात जणू लग्न निघालं. तिनं गोधड्या ओढ्यावर नेऊन बडवून धुतल्या. उशीचा कापूस उन्हात घालून पिंजला, नवा अभ्रा शिवला. कॉटचा एक पाय आखूड होता, त्याखाली मी इतकी वर्षं घडी केलेला पुठ्ठा सारत होतो. तिनं सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून आणला. आप्पांना हरभऱ्याची डाळ बाधते, म्हणून पिठलं बंद. आप्पांना डोळ्यावर उजेड नको, म्हणून बल्ब बदलून बारका लावला. सगळी तयारी झाली.

फक्त कॉटवर तात्या होते.

दोन दिवसांपूर्वी आले होते. बाजार पडला होता, सावरायची वाट बघत होते.

"तुमच्या तात्याचं काय करताय?" बायकोनं चुलीपुढून विचारलं. तात्या आले की 'तुमचे' होतात.

"लावतो वाटेला."

"सांगा सरळ."

"सरळ कसं सांगू? आत्याच्या घरचा माणूस हाय. लेकी बोले सुने लागे, अशी काढतो बघ समजूत."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमाला न्हाई जमायचं ते," म्हणाली.

माणसाला बायकोनं 'तुम्हाला नाही जमायचं' म्हटलं की ते काम बिघडवण्यापासून त्याला कुणीच अडवू शकत नाही.

आमच्या गावात संध्याकाळी एक एसटी यायची ती रात्रभर देवळापुढं मुक्कामाला थांबायची आणि सकाळी उजाडताना पहिली फेरी म्हणून नारायणगावला जायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे. सासरे त्याच गाडीनं आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात कापडी पिशवी, डोक्यावर पटका. बायको त्यांना स्टॅंडवरून घेऊन आली, आणि मी पहिल्यांदाच तिला बापाच्या पुढं पुढं चालताना बघितलं. एरवी पोचवायला जाताना ती मागं असायची.

"या मामा," मी म्हणालो.

"आलो पावणं," ते म्हणाले.

आमच्याकडं जावयाला पावणं म्हणतात. त्यामुळं माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या ओट्यावर बसून, आलेला पाहुणा मला पाहुणा म्हणत होता आणि खरा पाहुणा आत टीव्ही बघत होता. सासरे ओट्यावरच टेकले. आत या म्हटलं तर म्हणाले, "बसतो जरा वाऱ्याला." बायकोनं चहा दिला आणि मागं भाकरी टाकायला गेली. जाताना मला डोळ्यांनी कॉट दाखवली.

मी पडवीत गेलो. पडवी आणि पुढची खोली यांच्यामध्ये विटांची अर्धी भिंत, वर जाळी. तात्यांच्या उशापासून ती भिंत हातभर. माझा आडाखा असा की मी पडवीत कांदे चाळता चाळता, बायकोशी बोलतोय असं दाखवून, मोठ्यानं बोलायचं. तात्यांच्या कानात ते बरोबर जाईल. पडवीची दुसरी जाळीची बाजू ओट्याला लागून आहे, ही गोष्ट मला माहीत होती. जाळी मीच मारली होती. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष तात्यांच्या कानावर होतं.

"अगं," मी आवाज चढवला, "मुक्कामाची गाडी लागली वाटतं देवळापुढं!"

आतून बायकोनं भांडं आपटलं. ती भाग घेणार नव्हती. मग मी एकट्यानंच नाटक चालू ठेवलं.

"बरी सोय हाय पावण्यांची. रात्री गाडीत जाऊन बसावं, सकाळी डायरेक नारायणगाव. ना गर्दी ना दगदग!"

तात्यांच्या बाजूनं काही नाही. टीव्हीवर कुणीतरी रडत होतं.

"पण लोकांना कळाया पायजे ना! दोन खोल्यांचं घर. माणसं किती, जागा किती! आपलं यायचं आन् बसायचं. आपल्यापायी घरच्या माणसाची काय तारांबळ व्हती, त्याचा इचार न्हाई!"

तरीही काही नाही. एक जांभई ऐकू आल्यासारखं वाटलं. त्या जांभईनं माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचा सगळा हंगाम माझ्या घशात गोळा झाला.

"देवानं डोळं दिल्यात ना माणसाला? का डोळं असून दिसत न्हाई? दिसत नसंल तर लोकाच्या घरी येऊन पडायचं कशाला?"

वा! बोलून झाल्यावर मला स्वतःलाच बरं वाटलं. एवढं टोचून मी उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो. मी दोनचार कांदे विनाकारण इकडचे तिकडं केले. तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती.

अंधारात बायको कंदील घेऊन पुढं आली. "आप्पा, हात धुवा, ताट वाढती," म्हणत ओट्यावर गेली, आणि तिथंच उभी राहिली.

ओट्यावर कपबशी होती. चहा निम्मा होता. पिशवी नव्हती, चपला नव्हत्या.

"आप्पा?"

मी म्हणालो, "बाहेर गेलं असतील जरा."

"एकल्यानं? पट्टी बांधलेल्या डोळ्यानं? आन् पिशवी घेऊन?" तिनं कंदील माझ्या तोंडासमोर धरला. "काय बोलला तुमी मगाशी?"

मी काय बोललो ते मला आठवत गेलं. एक एक वाक्य आठवलं आणि प्रत्येक वाक्य ओट्यावरून ऐकल्यावर कसं लागलं असेल ते उलगडत गेलं. मुक्कामाची गाडी. पावण्यांची सोय. डोळं असून. मोटार जळली की आधी बारीक वास येतो, मग धूर. मला वास आला तेव्हा धूर केव्हाच निघून गेला होता.

"अगं मी तात्यांना बोलत व्हतो."

"तात्या टीव्ही बघत व्हते."

ती कंदील घेऊन धावत सुटली. मी बॅटरी आणि कुऱ्हाड घेऊन मागं. दोनच दिवसांपूर्वी देवळामागच्या उसात बिबट्याचे ठसे दिसले होते, आणि डोळ्याला पट्टी असलेला म्हातारा अंधारात त्याच वाटेनं गेला होता. शेजारच्यांनी आवाज दिला, "काय झालं रं?" मी ओरडलो, "मामा गेलेत!" त्याचा त्यांनी भलताच अर्थ घेतला आणि दोन बायांनी तिथंच रडायला सुरुवात केली. त्यांना गप्प करायला थांबायला वेळ नव्हता.

मुक्कामाच्या गाडीत बारीक दिवा होता. मधल्या सीटवर सासरे बसले होते, पिशवी मांडीवर, पुढच्या दांडीला हात धरून, जसं गाडी चालूच आहे. कंडक्टर त्यांना मिसरी देत होता.

बायको खिडकीशी उभी राहिली. तिला दम लागला होता. "आप्पा, चला घरी."

"कशापायी?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मला सकाळी दवाखान्यात जायाचंच हाय. हितं बसलं की डायरेक नारायणगाव. ना गर्दी ना दगदग."

माझं वाक्य मला जसंच्या तसं परत मिळालं.

"मामा," मी पुढं झालो, "ते मी तुमाला न्हवतो बोलत."

"न्हाई पावणं, तुमचं बराबर हाय. दोन खोल्यांचं घर."

"अहो, आमच्या तात्यांना बोलत व्हतो. ते कॉटवरून उठत न्हाईत."

"आस्सं." त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली. "त्यांच्याबी डोळ्याचं आपरेशन झालंय?"

कंडक्टर मिसरी लावायचा थांबला आणि माझ्याकडं बघू लागला. ड्रायव्हर मागच्या सीटवर आडवा झाला होता, तो उठून बसला. मी तोंड उघडलं, पण खरं सांगायला सुरुवात करावी तर ती कुठून करावी ते कळेना. आत्याच्या दिराला लागावं म्हणून बायकोला बोललो आणि ते सासऱ्याला लागलं, हे वाक्य मलाच धड कळत नव्हतं. मी म्हणालो, "लेकी बोले सुने लागे, तसं..." सासरे म्हणाले, "ती लेक माझी हाय," आणि खिडकीतून हात काढून त्यांनी बायकोच्या डोक्यावर ठेवला. "जा घरी. पोर एकली हाय."

ती गेली. परत आली ती ताट घेऊन, वर दुसरं ताट झाकून. तिनं तिच्या बापाला एसटीत वाढलं. भाकरी, वांग्याचं भरीत, दही. दांडीवर कंदील अडकवला, बाजूच्या सीटवर पोरीला बसवलं. कंडक्टर-ड्रायव्हरलाही वाढलं. मी खाली देवळाच्या पायरीवर कुऱ्हाड घेऊन राखण करत बसलो. मला कुणी जेवायचं विचारलं नाही. आत आवाज येत होता, हसण्याचाही एकदा आला. त्या गाडीत बहुतेक ती तिला हवं होतं ते सगळं करत होती, फक्त ते तिच्या घरात नव्हतं.

घरी आलो तर लाइट आलेली. तात्या जेवून कॉटवर आडवे झाले होते, धुतलेल्या गोधडीवर, नव्या अभ्र्यावर गाल टेकून.

"आलास व्हय?" ते म्हणाले. "गोधडी लई मऊ झालीय राव औंदा. आणि कॉटबी डगडगत न्हाई आता."

सकाळी उजाडायच्या आत बायको पोरीला कडेवर घेऊन, पिशवी भरून दारात उभी. "आप्पांसंगं दवाखान्यात जाती. तिथनं तसंच पुढं." 'तसंच पुढं' म्हणजे माहेरी. कधी येणार, विचारायचा मला धीर झाला नाही. गाडी सुटताना सासऱ्यांनी खिडकीतून हात केला. बायकोनं पोरीचा हात हलवला. स्वतःचा नाही.

मग घरात मी आणि तात्या. पाहुण्यांची बडदास्त काय असते, ते मला तेव्हा कळलं. सकाळचा चहा, त्यात तात्यांना गवती चहा. अंघोळीला पाणी तापवायचं. दुकानात जायच्या आधी भाकरी. माझ्या भाकरीचा आकार आंबेगाव तालुक्याच्या नकाशासारखा व्हायचा, तात्या ती दोन्ही हातांनी उलटीसुलटी बघायचे आणि म्हणायचे, "सून कवा येणार?" आल्यावर पुन्हा भांडी, गोधड्या झटकणं, कंदिलाची काच पुसणं. हे सगळं बायको इतकी वर्षं करत होती आणि मी पडदे बांधत होतो. तीन रात्रींत माझी कंबर धरली. चौथ्या दिवशी संध्याकाळी भाजी करपली. करपलेलं भांडं हातात घेऊन मी पुढच्या खोलीत गेलो आणि टीव्ही बंद केला.

"तात्या, उद्या सकाळी जावा."

माझं मलाच चोरट्यासारखं झालं. आमच्या खानदानात हे वाक्य कुणी उच्चारलं नसेल.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले.

"बरं?"

"जातो की. मग आदी न्हाई का सांगायचं?"

"आधी सांगितलं की तात्या! त्या दिवशी पडवीतनं एवढा बोंबललो!"

"ते मला व्हतं?" तात्यांना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं तू कांद्याला बोलतोयस. एकलाच बडबडत व्हतास मोठमोठ्यानं. म्हणलं, पोराच्या डोक्यावर ताण आलाय, आपण जरा सोबतीला ऱ्हावं."

तात्या सकाळच्या गाडीनं गेले. आजतागायत त्यांच्या मनात कसलाही राग नाही. पुढं हंगामाला आले की दारातनंच विचारायचे, "किती दिवस ऱ्हाऊ रं? सांग सरळ." असा माणूस, आणि त्याच्यासाठी मी एवढं म्हणी-बिणींचं काव्य केलं.

घर रिकामं झालं. दोन्ही खोल्या, कॉट, घड्या घातलेल्या गोधड्या. एवढी जागा आमच्या घरात कधी नव्हती आणि तिच्यावर झोपायला कुणी नव्हतं. मी कॉटवर झोपून बघितलं. झोप आली नाही.

मुक्कामाच्या गाडीच्या कंडक्टरनं दोन दिवसांनी निरोप आणला. नारायणगावात सासऱ्यांना पुन्हा दाखवायला आलेली माझी बायको त्याला भेटली होती. "तुमचं सासरं उद्या वहिनींना सोडाया येत्यात," तो म्हणाला, आणि जाता जाता, "जाळीपाशी नगा बोलू काय."

ते आले. पट्टी निघाली होती, जाड काळा चष्मा होता. ओट्यावर बसले. बायको थेट आत गेली, कॉट रिकामी आहे हे तिनं बघितलं, आणि बाहेर येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं, चहा दिला. चहा संपवून सासऱ्यांनी पिशवी उचलली. "चला, दुपारची गाडी मिळंल."

"मामा, राहा आज," मी म्हणालो.

ते माझ्याकडं वळले. चष्म्याआडून दोन्ही डोळे माझ्यावर. "म्हंजी?"

"म्हंजी राहा."

ते विचारात पडले. त्यांना त्या शब्दाच्या आत काहीतरी शोधताना मी बघत होतो. "बरं," शेवटी म्हणाले, "समजलं," आणि उठले.

"अहो, समजलं काय? राहा म्हणजे राहा! मुक्कामाला राहा!"

"वरडू नका पावणं, कळलं मला. निघतोच हाय."

मी जितकं मोठ्यानं 'राहा' म्हणत होतो तितके ते लवकर चपला घालत होते. एकदा माणूस आडून बोलतो असं ठरलं की त्याचं सरळ बोलणंही आडूनच वाटतं. मी हात जोडले, त्यांनी उलट हात जोडले. मला अक्षरशः रडायला यायची वेळ आली.

"आप्पा," बायको चौकटीतून म्हणाली. "ह्यांचं सोडा. ह्यांच्या बोलण्याला आत-बाहेर हाय. मी म्हणतीय, ऱ्हावा."

"आगं, जावयाच्या घरी—"

"जावयाचं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "हितं भुई मी सारवती. भाकरी मी थापती. गोधड्या मी शिवल्यात, त्यातल्या दोन आईच्या लुगड्याच्या हायेत. घर माझं हाय. तुमी माझ्या घरी आलाय, आन् मी ऱ्हावा म्हणतीय. जायाचं असंल तर मला सांगून जावा, ह्यांना न्हाई."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू आता माझं काय म्हणणं. मी काहीही म्हणालो नाही. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत शहाणी गोष्ट असावी.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. आणि वाकून, चौकटीला हात लावून, आत गेले.

त्या रात्री मी पडवीत झोपलो, कांद्यात. जाळीतून वारा चांगला येतो, एवढं कांद्याच्या वतीनं सांगू शकतो. सकाळी डोळे चुरचुरत आत आलो तर सासरे कॉटवर भिंतीला पाठ लावून चहा पीत होते. दोन्ही पाय लांब सोडलेले. बायको पायथ्याशी बसून लसूण सोलत होती, पोर आजोबांच्या पोटऱ्यांवर उताणी झोपलेली. कसलीही घाई कुणाला नव्हती. मला मात्र कामाला उशीर झाला होता आणि शर्ट सापडत नव्हता.

"आप्पांच्या मानंखाली हाय," बायको म्हणाली. "उशी जरा बसकी व्हती. ऱ्हाऊ द्या आता, कालचाच घाला."

मी कालचा शर्ट घातला. दुकानात दिवसभर सगळे विचारत होते, एवढा कांद्याचा वास कुठून येतोय.